शिदोरीचा भुगा

मावशीला स्वयंपाक येत नाही असं कोणी म्हणालं असतं, तर तिने त्याला चालत्या गाडीतून उतरवलं असतं. येत होता. पण पोटाला लागतो तेवढाच. शिजवायचं, खायचं, भांडी घासून मोकळं व्हायचं, हा तिचा खाक्या. ओव्हनशी तिची ओळख दुकानाच्या काचेपलीकडून. त्यामुळे भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, माझ्या सहलीसाठी ओट्सचे बार करशील? फळं घातलेले?" तेव्हा कोणाही शहाण्या बाईने आधी विचारलं असतं, की बाळा, ते करतात कसे? मावशी म्हणाली, "करीन की! त्यात काय एवढं?"

भाचीला सगळे मुंगी म्हणत. गोडाचा डबा कितीही वर ठेवा, ती पोचायची. आता चांगली दहा वर्षांची झाली होती आणि शाळा त्यांना दिवसभरासाठी डोंगरावर नेणार होती. शिदोरी ज्याची त्याने घरून आणायची. बाईंनी बजावून सांगितलं होतं, सांडेल ते नको, वितळेल ते नको, आणि विकतचं तर मुळीच नको.

फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ खुशीत होती. अजून मलाच विचारते, असं तिने आरशात बघून स्वतःला सांगितलंसुद्धा.

मावशीचा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकणारा चाकामागे आणि ही त्याच्या शेजारी. हिच्या पायाखाली आणखी एक ब्रेक, तो फक्त हिचा. समोरच्याला वाटावं गाडी आपणच चालवतोय, आणि वेळ आलीच तर हिने हळूच दाबावा. 'हळूच' हे नियमाप्रमाणे. मावशीचा पाय जरा तापट होता. ती घरी खुर्चीत बसून टीव्ही बघतानाही कोणी आचरटपणा केला की उजवा पाय जमिनीवर आपटायची. तर त्या शुक्रवारी तिने एका शिकाऊ पोस्टमनला सांगितलं, "रविवारी क्लास नाही. भाचीचा बार आहे."

पोस्टमनने दचकून गाडी फुटपाथकडे वळवली. "बाई, भाची दहा वर्षांची ना तुमची? एवढ्यात लग्नाचा बार?"

"अरे, खायचा बार मेल्या! समोर बघ!" असं म्हणून मावशीने ब्रेक दाबला आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

आता यात गोम अशी होती, की ओव्हन होता कवळीवालीकडे.

कवळीवाली म्हणजे मुंगीच्या बाबाची नवी बायको. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचं तिचं काम. कुणाच्या तोंडाचा ठसा यायचा, त्यावरून ती अख्खी बत्तीशी उभी करायची. हाताने इतकी बारीक आणि तोंडाने इतकी गप्प, की मावशी म्हणायची, "जगाला दात पुरवते आणि स्वतःच्या तोंडात मात्र मिठाची गुळणी." मुंगीच्या बाबाचं चष्म्याचं दुकान. तो दिसण्याचं बघणार, ही चावण्याचं. लग्न झालं तेव्हा मावशीने भर पाहुण्यांत हा विनोद केला होता आणि कवळीवाली त्यावर खरोखर हसली होती. मावशीला तेही आवडलं नव्हतं. चिडली असती तर निदान भांडता आलं असतं.

तिचं वाईट असं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. मावशीने शोधून पाहिलं होतं.

मुंगीची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, गेली तेव्हा मुंगीचे पुढचे दातही पडले नव्हते. लोक भेटायला यायचे आणि उंबऱ्यात उभे राहून मावशीला ऐकवायचे, "म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो." धीर द्यायला म्हणायचे बिचारे. मावशीला वाटायचं, एकेकाला धरून विचारावं, की कशाला मरो माय? माझी धाकटी जगायला हवी होती. त्या बदल्यात मावशी गेली असती तरी चाललं असतं. पण ती काही बोलली नाही. पोरीची वेणी घालायला शिकली, सकाळचे क्लास पुढे ढकलून शाळेत सोडायला लागली, तापात रात्र रात्र उशाशी बसली. वर्षं गेली. लोक म्हणायचे तेच खरं झालं, मावशी जगली, आणि मुंगी मावशीच्या अंगाखांद्यावर वाढली.

मग चष्मेवाल्याने लग्न केलं. करू नये असं मावशीचं म्हणणं नव्हतं. तिनेच एकदा त्याला म्हटलं होतं, की अरे, एकटा किती दिवस राहशील? पण म्हणणं वेगळं आणि रोज संध्याकाळी त्या घरातला दिवा लागलेला बघणं वेगळं. आता वेणी कवळीवाली घालायची. शाळेत बाबा सोडायचा. मावशीकडे उरला रविवार, आणि एक गोष्ट, जी तिने कोणाला सांगितली नव्हती.

ती अशी. मुंगी कवळीवालीला काहीच म्हणत नव्हती.

आई म्हणत नव्हती, काकू म्हणत नव्हती, नावानेही हाक मारत नव्हती. आणि नुसती हाकच नाही. तू म्हणावं की तुम्ही, हा प्रश्नच पडू नये अशी तिने भाषा बसवली होती. "तुम्ही चमचा देता का?" नाही आणि "तू दे" पण नाही. "चमचा हवा होता." "दप्तर कुठे ठेवलं गेलंय?" "उद्या लवकर उठवलं तर बरं होईल." हाक मारायची वेळ आली तर जवळ जाऊन घसा खाकरायची. भल्याभल्या मास्तरांना जमलं नसतं, असं व्याकरण त्या पोरीने वर्ष होत आलं तरी सांभाळलं होतं. एकदाही चुकली नव्हती. आणि कवळीवालीही अशी, की घसा खाकरला की लगेच वळून, "काय हवंय गं?"

मावशीला मात्र मुंगी "ए मावशी, तू" म्हणायची. आईला म्हणतात तसं.

रविवारी त्या घरी जेवताना ही कर्त्याविना चाललेली वाक्यं ऐकली की मावशीला आतून गुदगुल्या व्हायच्या. बरं दिसत नाही, पोर चुकतेय, आपण समजावलं पाहिजे, हे सगळं तिला कळत होतं. कळून ती आणखी एक घास घ्यायची. जोवर त्या बाईला नाव नाही तोवर माझी जागा शाबूत, एवढा साधा तिचा हिशेब. आणि स्वतः ती कवळीवालीला 'तुम्ही' म्हणायची. वयाने इतकी लहान बाई, पण "तुम्ही बसा हो" आणि "तुम्ही कशाला त्रास घेता." मान द्यायला नव्हे. दार लावून घ्यायला.

तर रविवारी दुपारी मावशी पिशवी घेऊन हजर झाली. पिशवीत खजूर, सुके जर्दाळू, मनुका, दोन सफरचंदं आणि मधाची बाटली. ओट्सचं पाकीट घ्यायला विसरली होती. म्हणजे शिदोरीतली शिदोरीच विसरली.

"असू दे ताई, घरात आहेत ओट्स," कवळीवाली म्हणाली. ओट्यावर सगळं मांडूनच ठेवलं होतं. ट्रेमध्ये कागद अंथरलेला, कोपऱ्यांत घड्या इतक्या नीट घातलेल्या की जणू पाकीट. लोणी मोजून बाहेर काढलेलं. मावशीला ते सगळं बघून जरा टोचलंच.

"तुम्ही बसा हो आता," ती म्हणाली. "मी आणि मुंगी करतो."

"हो," म्हणाली कवळीवाली, आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली. बसली काही नाही.

बाहेरच्या खोलीत चष्मेवाला कुणाच्या तरी चष्म्याचा बारका स्क्रू शोधत जमिनीवर रांगत होता. डोळ्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला स्क्रू दिसू नये, यावर मावशीने जाता जाता एक टोला हाणला आणि कामाला लागली.

मुंगीने घरातलं एक केळं कुस्करलं. मावशीने खजूर आणि जर्दाळू चिरले, एक टपोरा तुकडा चिरताचिरता मुंगीच्या तोंडात गेला आणि एक मावशीच्या. सफरचंद किसलं. पातेल्यात लोणी आणि मध एकत्र वितळायला ठेवला आणि घर गोड वासाने भरून गेलं. मावशीला वाटलं, अरेच्चा, हे तर अगदीच सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात. पातेलं उतरवून तिने ओट्स ओतले, फळं घातली, दालचिनीची पूड टाकली, आणि कालथ्याने असं काही घोटलं की सिमेंट कालवणाराही बघत राहिला असता.

"थोडं मीठ घालायचं असतं," मुंगी म्हणाली.

"गोडात मीठ?"

"चिमूटभर. चव येते."

"तुला काय माहीत गं?"

मुंगी क्षणभर थांबली. "ऐकलंय," म्हणाली.

मावशीने मीठ घातलं. मिश्रण ट्रेमध्ये ओतलं, चमच्याच्या पाठीने थापलं, आणि ट्रे ओव्हनमध्ये गेला. आता वाट बघायची. वाट बघणं हा मावशीचा प्रांत नव्हे. सिग्नल पिवळा झाला की ती पुढच्या हिरव्याची तयारी करायची. ती ओव्हनच्या काचेसमोर वाकून बसली, उठली, पुन्हा बसली. कडा तपकिरी झाल्या, खमंग वास सुटला आणि तिने ट्रे बाहेर ओढला. दिसायला तर झकास. वर मध चकाकत होता, मनुका फुगून टम्म झाल्या होत्या.

"बघा, झाले!" ती म्हणाली आणि सुरी उचलली.

"ताई," सिंकपाशी कवळीवाली म्हणाली, "थोडं गार..."

"गार झाल्यावर कोण खातं हो?" मावशीने सुरी चालवली.

पहिला काप गेला तो गेलाच. सुरीबरोबर ओट्सही निघाले. मावशीने दुसरा जोरात दिला. ट्रेच्या मधोमध घळ पडली आणि दोन्ही बाजू त्यात ढासळल्या. तिसऱ्या कापाला ती स्वतःवरच चिडली, चौथ्याला सुरीवर, आणि पाचव्याला तिने ट्रेमधला कागद उचलून वडी हाताने सुटते का बघितलं. हात भाजला. कागद फाटला. ट्रेमध्ये उरला नुसता भुगा. गरम, गोड, वासाला अप्रतिम, आणि कोणत्याही डब्यातून सांडेल असा. पी हळद अन् हो गोरी, दुसरं काय!

"हा ओव्हनच नीट तापत नसेल," मावशी म्हणाली. म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं.

मावशीने मुंगीकडे बघितलं. पोर आता रडणार, नाही तर पाय आपटणार, "मावशी, हे काय केलंस!" म्हणून गळ्याशी येणार, याची ती वाट बघत होती. समजूत कशी घालायची तेही तिने ठरवून टाकलं.

मुंगीने एक चिमूट भुगा उचलून तोंडात टाकला. "चव छान झालीय मावशी," ती म्हणाली. "असू दे. चालेल. तुझा हात भाजला का? पाण्याखाली धर."

इतकं शहाण्यासारखं. इतकं गोड.

मावशीला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पाहुण्याच्या हातून कप फुटला की घरातले या आवाजात बोलतात. असू द्या हो, जुनाच होता, तुम्हाला लागलं नाही ना?

मग मुंगी वळली. सिंककडे. आणि वळताना तिचा चेहरा जो पालटला तो मावशीने पाहिला.

"तू काही बोलली का नाहीस?"

कवळीवालीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तुला माहीत होतं ना, गरम कापले की भुगा होतो? मागच्या वेळी आपला झाला होता तेव्हा तूच म्हणालीस, पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही! मी तुला सांगून ठेवलं होतं ना? मावशीला करू देऊ, नाही तर तिला वाईट वाटेल, पण तू लक्ष ठेव म्हणून? ठेवलंस लक्ष? नुसती उभी राहिलीस! तू नेहमी अशीच करतेस, नुसती गप्प बसतेस! आता मी उद्या काय नेऊ? भुगा नेऊ?"

असं भडाभडा बोलली आणि मग रडायला लागली. खरंखुरं, नाक गळेपर्यंत.

मावशी ओट्याला टेकली. भाजलेला हात तिने पाण्याखाली धरला नव्हता, पण आता तो दुखतही नव्हता. एकेक गोष्ट तिला पोचत होती. मागच्या वेळी. म्हणजे या दोघींनी हे आधी केलं होतं. याच ओट्यावर, आणि तेव्हाही भुगा झाला होता, आणि दोघी हसल्या असतील, खाल्लाही असेल वाटीत घालून. मीठ ऐकलं होतं ते इथेच ऐकलं होतं. आणि फोन. "मावशी, तू करशील?" मावशीला वाईट वाटेल म्हणून केलेला फोन. तिला वाटलं होतं गाडी आपण चालवतोय. दहा वर्षांची पोर शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून होती.

मावशीने आयुष्यात शेकडो लोकांना असं फसवलं होतं, त्यांच्या भल्यासाठी. आपल्याला कोणी फसवलं की कसं वाटतं ते तिला त्या रविवारी कळलं. खूप लाज वाटली. आणि त्या लाजेच्याही खाली, खरं सांगायचं तर, तिला एवढंच ऐकू येत होतं. तू. ठेवलंस. करतेस. वर्षभर सांभाळलेलं व्याकरण एका ट्रेपायी कोसळलं होतं आणि पोरीच्या ते गावीही नव्हतं.

"मुंगे!" चष्मेवाला दारात उभा होता, स्क्रू चिमटीत. "काय चाललंय? ही काय बोलायची पद्धत? 'तू' काय, 'ठेवलंस' काय? मोठ्या माणसाशी असं बोलतात? आधी माफी माग. नीट 'तुम्ही' म्हण आणि माफी माग."

आता कुठे मुंगीच्या लक्षात आलं. तिचे कान लाल झाले. रडं जागच्या जागी थांबलं. तिने खाली बघितलं आणि ओठ मिटले. ते ओठ मावशीला पाठ होते. आता ती म्हणणार, "चुकलं. असं बोलायला नको होतं." कर्ता नाही, कर्म नाही. आणि त्यानंतर कायमचं तेच. पोर एकदा पोळली की पुन्हा त्या वाटेला जायची नाही.

मावशी नुसती गप्प राहिली तरी पुरे होतं. बोट उचलायला नको की शब्द काढायला नको. बाबा पोरीला वळण लावतोय, त्यात मावशीने कशाला पडावं? कोणी नाव ठेवलं नसतं. रविवार तिचा राहिला असता, 'तू' तिचं राहिलं असतं. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तिने जीभ दाताखाली धरली.

तिने कवळीवालीकडे बघितलं. ती बाई ऐकत नव्हती चष्मेवाल्याचं. ती मुंगीकडे बघत होती. चेहरा असा, की कुणीतरी कानाखाली वाजवावी आणि त्याच हाताने ओंजळभर काहीतरी द्यावं. डोळे भरले होते आणि पाणी खाली पडू नये म्हणून ती पापणीसुद्धा हलवत नव्हती. आत्ता कुठे मिळालेलं आत्ताच जाणार, हे तिलाही कळलं होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मावशीचा उजवा पाय जमिनीवर आपटला. भांडी वाजली.

"तू गप्प बस रे!"

चष्मेवाला दचकला. स्क्रू पुन्हा पडला.

"इथे बायकांचं भांडण चाललंय. तू स्क्रू शोध जा. माफी बिफी काही मागायची नाही कोणी! ती तिच्याशी भांडतेय, भांडू दे. माझ्याशी नाही भांडली ती. मी तिच्या शिदोरीचा भुगा केला आणि ती मला म्हणाली, असू दे, चव छान आहे!" इथे मावशीचा आवाज फाटला. तिने नाक ओढलं आणि मोर्चा सिंककडे वळवला. "आणि तू गं? तोंडात मारल्यासारखी उभी काय राहिलीस? पोर एवढी बोलली तुला, उत्तर दे तिला! एकटीने कधी भांडण होतं का?"

कवळीवालीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मी सांगत होते!" ती मुंगीला म्हणाली. आवाज चढला तसा तो तिचा तिलाच नवा वाटला असावा, कारण ती जरा थांबली आणि मग आणखी चढवून म्हणाली, "मी म्हटलं थोडं गार होऊ दे, तू ऐकलंस ना? पण ताई ऐकतात का कोणाचं? सुरी घेऊन सुटल्या! आता काय मी त्यांचा हात धरायचा होता?"

"हो! धरायचा होता!" मुंगी ओरडली.

"मला भीती वाटते त्यांची!"

"मला पण वाटते! म्हणून तर तुला सांगितलं होतं!"

आणि दोघींनी एकदम मावशीकडे बघितलं.

"वा," मावशी म्हणाली. "छान."

मग ती खाली बसली आणि जमिनीवर सांडलेला भुगा गोळा करायला लागली. चष्मेवाल्याने मागच्या मागे पाय काढला. त्याला काही कळलं नव्हतं, पण हे ठिकाण आपलं नाही एवढं कळलं.

ओट्स अजून होते. लोणी होतं. कवळीवालीने न बोलता नवा कागद फाडला, पण या वेळी घड्या वाकड्यातिकड्या पडल्या. मावशीला खजूर चिरायला बसवलं, टेबलापाशी, ओट्यापासून लांब. ती बसली. तिथून तिने बघितलं, ट्रेमध्ये मिश्रण घातल्यावर कवळीवाली अंगठ्याने कोपरे दाबत होती, ठशात मऊ मेण भरतात तसं, आणि मुंगी वाटीच्या बुडाने मधला भाग चेपत होती. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती.

"सरक ना जरा," मुंगी म्हणाली.

"तूच सरक. तुझा कोपरा झाला."

मावशीने खजुराची बी काढली आणि बाजूला ठेवली. दुखत होतं. लपवायचं कशाला? तिला आपली धाकटी आठवली, आणि तिला मनात म्हणाली, बघ गं, पोरीला भांडायला माणूस मिळालं. हे म्हणताना तिला आनंदही झाला होता आणि जीवही तुटत होता, आणि दोन्हींतलं जास्त कुठलं हे तिने ठरवायला घेतलं नाही. चिरायला अजून बरेच जर्दाळू होते.

ट्रे ओव्हनमधून बाहेर आला आणि खिडकीपाशी जाळीवर बसला. वास पुन्हा तोच. मुंगी दप्तर भरायला गेली, कवळीवाली भांडी विसळायला लागली. मावशी खुर्चीत बसून राहिली. ट्रेकडे बघितलं. छताकडे बघितलं. उठली, खिडकीतून रस्त्यावर कोण गाडी कशी लावतोय ते बघितलं, त्याला मनात शिव्या दिल्या. ट्रेवर तळहात धरून बघितला. वाफ तर नव्हती. कडेला तर अगदी घट्ट झालं होतं. एक कोपरा, नुसता बारकासा, चाखून बघायला काय हरकत आहे? सुरी जवळच होती.

"मावशे!"

मुंगी दप्तर टाकून धावत आली आणि तिने मावशीच्या हातावर फाडकन चापट मारली. भाजलेल्याच हातावर.

"हात काढ! काढ म्हणते ना! एकदा भुगा केलास तेवढा पुरे नाही का झाला? तुला जरा म्हणून धीर नाही! लहान आहेस का तू? जा, तिकडे जाऊन बस! आणि गार झाले की मी बोलावीन, तोवर उठायचं नाही!"

सिंकपाशी कवळीवाली ओल्या हातांनी तोंड दाबून हसत होती.

भर रस्त्यात ट्रकवाल्यांशी तोंडाला तोंड देणारी मावशी. तिने सुरी ठेवली. हात चोळला. डोळ्यांत आलेलं पाणी हातामुळे आलं असं कोणाला वाटलं तर वाटू दे, असं म्हणत ती मुकाट्याने खुर्चीकडे निघाली.

"बरं बाई," ती म्हणाली. "नाही लावत हात. ओरडू नकोस."